कड्यावरच्या जोड्यांची मरामत

इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात, ऑस्ट्रियाच्या सरहद्दीला लागून, कार्निया नावाचा एक डोंगराळ मुलूख आहे. हिवाळा दीर्घ, शेती तुटपुंजी आणि कर्ते पुरुष बहुधा रोजगारासाठी परमुलखात गेलेले, अशा स्थितीत तेथील स्त्रियांनी प्रपंचाची जी अनेक कामे आपल्या अंगावर घेतली, त्यांत साऱ्या घराच्या पायतणांची तरतूद करणे हेही एक होते. या पायतणांना तिकडे ‘स्कार्पेत्स’ असे म्हणतात. त्यांच्या तळाला चामडे नसे आणि रबरही नसे. जीर्ण सदरे, विटलेल्या चादरी, मुलांना तोकडे झालेले कपडे, असे जे कापड घरात निरुपयोगी म्हणून उरे ते पावलाच्या आकाराने कापावयाचे, त्याचे थर एकावर एक रचावयाचे आणि आपल्याकडे गोधडी घालतात त्याप्रमाणे, परंतु गोधडीहून पुष्कळच दाट टाक्यांनी, जाड दोऱ्याने ते एकजीव करावयाचे, अशी ही रीत होती. थर इतके जाड होत की सुई आपल्या बळाने त्यांतून पार जात नसे. टाक्यासाठी आधी आरीने भोक पाडावे लागे, मग दोरा ओवून तो पुऱ्या ताकदीने खेचावा लागे, आणि असे टाके कडेपासून कडेपर्यंत दाटीने पडत गेले म्हणजे तो तळ कठीण आणि तरीही लवचीक होई. वरचा भाग बहुधा काळ्या मखमलीचा असे. तळ झिजला म्हणून कोणा कारागिराच्या दारी जाण्याचा प्रश्नच उद्भवत नसे, कारण ज्या हातांनी जोडा घडविला त्याच हातांत त्याच्या मरामतीचे कसब होते.

प्रस्तरारोहणाच्या जोड्यांविषयी लिहिताना मी कार्नियातील चिंध्यांपासून आरंभ करतो, याला कारण आहे. हा जोडा म्हणजे एखाद्या रसायनशाळेतून निघालेला आधुनिक जिन्नस होय, आणि त्याचा झिजलेला तळ घरी बसून बदलणे हा गरजवंतांनी मागाहून शोधलेला काटकसरीचा उपाय होय, असा समज आज सर्वत्र रूढ झालेला दिसतो. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. कड्यावर चढणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी आपल्या हातांनी तळ घडविले, झिजविले, उखडले आणि पुन्हा बसविले. या खटाटोपात जे ज्ञान साचले त्याच्या आधारावर पुढे कारखाने उभे राहिले.

पहिल्या महायुद्धात या कापडी तळाची जी परीक्षा झाली तशी दुसऱ्या कोणत्याही पायतणाची क्वचितच झाली असेल. १९१५ साली इटली युद्धात उतरल्यावर कार्नियाच्या शिखरांवर आघाडी पडली, आणि खेचरांना न चढवणाऱ्या वाटांनी दारूगोळा व शिधा वर पोचविण्यासाठी लष्कराने त्या भागातील स्त्रियांना हाक दिली. पंधरा वर्षांच्या मुलींपासून साठीच्या वृद्धांपर्यंत स्त्रिया पाठीवरच्या वेताच्या पाट्यांत तीस-चाळीस किलोंचे ओझे घालून, दंडावर लाल पट्टी बांधून, बर्फातून आणि दगडांतून चढत. एका खेपेचा मेहनताना दीड लिरा असे. मारिया प्लोझनेर मेंतिल ही चार मुलांची आई फेब्रुवारी १९१६ मध्ये अशाच एका खेपेत शत्रूची गोळी लागून मृत्यू पावली. या स्त्रियांच्या पायांत घरी शिवलेले स्कार्पेत्सच होते. जड लष्करी बुटांना जो खडक दाद देत नसे त्यावर कापडाचे हे तळ दाबून बसत, आणि पावलांचा आवाजही होऊ देत नसत.

ज्या काळात कार्नियातील स्त्रिया असा भार वाहत होत्या, त्या काळात पर्वतारोहणाला निघालेल्या सुखवस्तू युरोपीय गृहस्थांच्या पायांत मात्र खिळ्यांचे बूट असत. जाड चामड्याच्या तळावर ठोकलेले हे खिळे नाना प्रकारचे: काही मधोमध बसविलेले गोल डोक्याचे, काही तळाच्या कडेला बाहेरून विळखा घालणारे मऊ लोखंडाचे. मऊ लोखंड खडकाच्या बारीक कंगोऱ्यावर किंचित दबे आणि म्हणून धरून राही. मात्र ते झिजेही तितक्याच वेगाने. १९१२ च्या सुमारास जिनिव्हातील फेलिक्स जेनेकाँ या जवाहिराच्या कारागिराने कठीण पोलादाचे, करवतीसारख्या दात्यांचे खिळे तयार केले. मित्रमंडळींत त्याला ‘त्रिकुनी’ म्हणत आणि तेच नाव त्या खिळ्यांना पडले. सूक्ष्म कामाची सवय असलेल्या कारागिराच्या हातून ही सुधारणा व्हावी हे मला अर्थपूर्ण वाटते. खिळ्यांच्या बुटाची देखभाल हे स्वतंत्र शास्त्रच होते. चामडे ओले झाले की खिळे सैल पडत, सुकताना ते चुलीपाशी ठेवले तर चामडे तडकून खिळे गळत. म्हणून सुटे खिळे आणि लहान हातोडी जवळ बाळगून मुक्कामाच्या जागी बूट उलटा मांडीवर घेणे हा जाणत्या आरोहकाचा शिरस्ता असे. इंग्लंडच्या सरोवर-प्रांतातील जुन्या चढाईच्या वाटांवर या खिळ्यांनी पाडलेले पांढुरके ओरखडे अद्याप दिसतात आणि वाट चुकलेल्याला वाट दाखवितात. एव्हरेस्टच्या उत्तर अंगावर १९२४ साली नाहीसे झालेले जॉर्ज मॅलरी यांचा देह १९९९ मध्ये सापडला, तेव्हाही पायात खिळे ठोकलेला बूट होता.

बर्फावर आणि मुरमावर खिळा उत्तम. उभ्या, कोरड्या खडकावर मात्र तो ओझे होतो. डोलोमाइट पर्वतांतील चुनखडकाच्या सरळ भिंती चढण्याची ईर्षा जसजशी वाढत गेली, तसतशी तेथे एक नवी पद्धत पडली: भिंतीच्या पायथ्यापर्यंत खिळ्यांच्या बुटांनी जावयाचे, तेथे ते काढून पाठीवरच्या पिशवीत टाकावयाचे, आणि कापडाच्या थरांचा किंवा नमद्याचा, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचा, तळ असलेले हलके जोडे चढवून वर निघावयाचे. कार्नियाच्या स्त्रियांचा जोडा अशा रीतीने आरोहकांच्या पायांत आला. नमदा ओल्या खडकावरही पकड सोडीत नाही, हा त्याचा मोठा गुण. खरबरीत चुनखडकावर तो पाहता पाहता झिजतो, हा दोष. परिणामी एकाच जोड्याला पुन्हा पुन्हा नवा तळ लावणे अपरिहार्य होते, आणि पावलाचा कोणता भाग आधी झिजतो, कोठे एक थर अधिक द्यावा, कोठे तळ पातळ ठेवला तर बोटांना खडक अधिक चांगला कळतो, हे ज्ञान त्या पुनरावृत्तीतून आपोआप जमा होत गेले.

हलक्या जोड्यांच्या मर्यादा एका भीषण प्रसंगाने उघड केल्या. १९३५ साली आल्प्समधील पुंता राझिका या शिखरावर मिलानहून गेलेल्या एका तुकडीला अकस्मात वादळाने गाठले. खडकासाठी घातलेले पातळ जोडे बर्फावर ठरेनात आणि थंडीपासूनही राखीनात. सहा जण दगावले. तुकडीत व्हिताले ब्रामानी हे होते. मित्रांच्या मृत्यूने व्यथित झालेल्या या गृहस्थांनी खडक, चिखल आणि बर्फ तिन्हींवर चालेल असा एकच तळ शोधण्याचा ध्यास घेतला, आणि पिरेली या टायर बनविणाऱ्या कारखानदारांच्या साह्याने १९३७ मध्ये जाड उंचवट्यांचा रबरी तळ सिद्ध करून त्याचे पेटंट घेतले. त्यांच्या नावाची आद्याक्षरे जोडून झालेले ‘व्हिब्रम’ हे नाव आज जगभर माहीत आहे. त्या तळावरच्या उंचवट्यांची मांडणी खिळ्यांच्या मांडणीवरून घेतलेली होती. खिळे गेले तरी त्यांच्या जागा राहिल्या. माझ्या विषयाच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की ब्रामानी यांनी सर्वांत मोलाचे जे विकले तो पूर्ण बूट नव्हता, सुटा तळ होता. जोडा कोणीही घडवावा, तळ आमचा घ्यावा आणि झिजल्यावर गावच्या मोच्याकडून पुन्हा आमचाच बसवून घ्यावा, असा हा व्यवहार होता. मरामत हे त्या धंद्याचे अपत्य नसून अधिष्ठान होते. १९५४ साली के-टू शिखरावर प्रथम पोचलेल्या इटालियन मोहिमेने हेच तळ वापरले.

ब्रामानी यांच्या प्रयोगांच्याच सुमारास पॅरिसजवळच्या फाँतेनब्लोच्या अरण्यात वेगळ्या प्रकारचा प्रयोग चालू होता. तेथे वाळूच्या भुसभुशीत जमिनीतून वालुकाश्माचे प्रचंड गोटे वर आलेले आहेत. दोन-चार माणसांच्या उंचीचे, पण इतके गुळगुळीत आणि गोलाकार की त्यांवर पाय ठेवायला कंगोरा सापडू नये. पिएर आलँ हे तेथील मंडळींचे अध्वर्यू. १९३५ मध्ये रेमाँ लेनिंजे यांच्यासह पती द्र्यू शिखराची उत्तर भिंत प्रथम चढून जाणारे ते हेच. उपजत कारागिराची बुद्धी असलेल्या या माणसाने उबदार पिसांची वस्त्रे आणि हलक्या धातूच्या कड्या यांवर जसा हात चालविला तसाच जोड्यावरही चालविला. खडकाला कंगोराच नसेल तर खिळ्याने किंवा उंचवट्याने धरावयाचे काय? अशा ठिकाणी उपयोग होतो तो तळाचा अधिकाधिक भाग खडकाला टेकण्याचा. म्हणून त्यांनी तळ संपूर्ण सपाट, गुळगुळीत रबराचा केला, पंजाभोवती रबराची पट्टी वर वळवून घेतली आणि जोडा पायाला आवळून बसेल असा ठेवला. हा जोडा त्यांच्या आद्याक्षरांनी ‘पी.ए.’ म्हणून ओळखला जाऊ लागला. पुढे एदुआर बुर्दोनो यांनी तो धंदा चालविला आणि ‘ई.बी.’ या नावाचा जोडा १९८० च्या आसपासपर्यंत जगातील बहुतेक प्रस्तरारोहकांच्या पायांत राहिला. फाँतेनब्लोला जाणारा आरोहक आजही लहानसे पायपुसणे बरोबर नेतो आणि गोट्यावर पाऊल टाकण्यापूर्वी तळाला चिकटलेली वाळू पुसतो. वाळूचा एक कण तळाखाली राहिला तर पकड सुटते एवढेच नव्हे, तो खडक आणि तळ दोन्ही घासून काढतो.

इंग्लंड व वेल्समध्ये मात्र अशा खास जोड्यांची प्रतीक्षा कोणी करीत बसले नाही. तेथील तरुणांनी शाळेच्या कवायतीसाठी मिळणारे, कापडी अंगाचे आणि पातळ रबरी तळाचे स्वस्त जोडे एक-दोन मापे लहान घेऊन कडे सर केले, आणि खडक ओला असला तर त्याच जोड्यांवरून लोकरी मोजे चढविले.

सोव्हिएत रशियातील हकीकत याहून चित्तवेधक आहे. सायबेरियात येनिसेई नदीकाठच्या क्रास्नोयार्स्क शहराजवळ ‘स्तोल्बी’ नावाचे खडकांचे सुळके आहेत. १९२५ साली त्या प्रदेशाला संरक्षित अरण्याचा दर्जा मिळाला, पण शहरवासीयांचा त्या सुळक्यांवर चढण्याचा रिवाज त्याहून जुना. परदेशी जोडा तेथे मिळण्याचा संभव नव्हता. मिळत असे तो पावसाचिखलात बुटांवरून घालावयाचा रबरी गलोश. तो आतल्या बुटाशिवाय, थेट पायात, घट्ट मापाचा घ्यावयाचा आणि पट्टीने किंवा दोरीने पावलाशी आवळून बांधावयाचा, ही तेथील युक्ती. १९४७ पासून, जेव्हा कॉकेशस पर्वतातील डोम्बाय येथे प्रस्तरारोहणाच्या स्पर्धेचा पायंडा पडला, तेव्हापासून पुढे कित्येक दशके सोव्हिएत स्पर्धक या गलोशांतच उतरत आणि पश्चिमेकडील पाहुण्यांना चकित करीत. एक सामान्य पावसाळी जोडा, त्याची जागा ओळखणारी दृष्टी आणि गाठ मारण्याची अक्कल, एवढ्यावर एका विशाल देशाने आपली परंपरा उभी केली. साधनांच्या दुर्मिळतेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. चांगला जोडा त्यांना मिळता तर त्यांनी तो आनंदाने घातलाच असता. परंतु त्यांचे पाय जे शिकले ते दुर्मिळतेमुळे शिकले, ही गोष्ट नाकारता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर ज्या फ्रिउली प्रांतात कार्निया मोडतो तेथेही चिंध्यांच्या तळाखाली सायकलच्या जुन्या टायरचे तुकडे बसू लागले. पण टायरचे रबर आणि आरोहकाला हवे असलेले रबर यांत एक मूलभूत विरोध आहे, आणि तो उलगडल्याशिवाय पुढचा इतिहास समजणार नाही. टायर जितका कमी झिजेल तितका चांगला. म्हणून त्याचे रबर कठीण आणि काटक करतात. खडकावर मात्र रबराने दगडाच्या सूक्ष्म उंचसखल भागात शिरले पाहिजे, दाबाने आकार बदलला पाहिजे आणि तो बदललेला आकार सावकाश पूर्ववत झाला पाहिजे. तेव्हाच पकड मिळते. जे रबर असे नरम आणि मंद असते ते घासले जाऊन निघूनही जाते. टिकाऊपणा आणि पकड यांचा हा तंटा आजतागायत मिटलेला नाही, आणि जोवर तो मिटत नाही तोवर तळ बदलण्याचे कामही संपणार नाही.

स्पेनमधील व्हिलेना या गावच्या बोरियाल कारखान्याने १९८० च्या दशकाच्या आरंभी ‘फिरे’ नावाचा जोडा काढला, तेव्हा या तंट्यात पकडीची बाजू प्रथमच इतकी वरचढ झाली. कॅलिफोर्नियातील योसेमिटी दरीत जॉन बाकर या विख्यात आरोहकाने तो प्रचारात आणला आणि पाहता पाहता जुने कठीण तळ मागे पडले. १९८५ मध्ये त्याच प्रांतात चार्ल्स कोल यांनी ‘फाइव्ह टेन’ हा कारखाना काढून ‘स्टेल्थ’ नावाचे आपले चिकट रबर तयार केले. नव्या रबराने अशक्य वाटणाऱ्या भिंती शक्य केल्या, पण जोडा महागडा झाला आणि त्याचे आयुष्य घटले. अंगाचे चामडे धडधाकट, शिवण शाबूत आणि अंगठ्याखालचा चार-पाच मिलिमीटरचा तळ मात्र संपलेला, असे जोडे घराघरांत साचू लागले. युरोप-अमेरिकेत तळ बदलून देणारी दुकाने निघाली. आणि त्यांच्याच जोडीने कारखान्यांनी रबराचे सुटे तुकडे व ते चिकटविण्याचे सोल्यूशन एकत्र बांधून घरी तळ बसवू इच्छिणाऱ्यांसाठी विकायला काढले. कार्नियाच्या स्वयंपाकघरात जे काम सुताने होत असे ते आता रसायनाने होऊ लागले, एवढाच काय तो फरक.

हे काम पाहण्यासारखे आहे, म्हणून त्याचे थोडे सविस्तर वर्णन करतो. पहिली कसोटी दृष्टीची. तळ आणि पंजाभोवतीची रबरी पट्टी यांच्यामध्ये जी सांध्याची रेघ असते ती अंगठ्यापाशी पुसट होऊ लागली की मरामतीची वेळ आली असे समजावे. ती रेघ पार नाहीशी होऊन पट्टीलाच भोक पडले म्हणजे काम घरच्या आवाक्याबाहेर गेले. पट्टी ही ताणून बसविलेली असते, तिच्या ताणावर जोड्याचा सारा आकार तोललेला असतो, आणि तो ताण हाताने पुन्हा साधणे हे अनुभवी कारागिरालाच जमते. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रेघ अद्याप जिवंत असेल तर जुना तळ गरम हवेने हलके हलके तापवावयाचा. जुने सोल्यूशन नरम पडते; मग पकडीने तळाचे टोक धरून अंगठ्याकडून मध्याकडे तो सोलत आणावयाचा. घाई केली तर रबराबरोबर आतल्या अंगाचे धागेही उपटून येतात. संबंध तळ काढण्याचे प्रयोजन बहुधा नसते. पावलाच्या कमानीपाशी जुना तळ तिरप्या छेदाने कापतात, म्हणजे नवा तुकडा तेथे पायरी न पडता मिळतो. उघड्या पडलेल्या भागावरचे जुने सोल्यूशन घासून काढून पॉलिश पेपरने तो आणि नव्या रबराची एक बाजू, दोन्ही खरखरीत करावयाची. रबर कारखान्यातून येताना त्यावर जी झिलई असते ती राहिली तर सारा खटाटोप फुकट जातो. पुठ्ठ्यावर पंजाचा नमुना उतरवून त्याहून चार-पाच मिलिमीटर मोठा तुकडा कापावयाचा. मग खिडक्या सताड उघडून, कारण या द्रवाची वाफ डोक्याला आणि फुप्फुसांना अपायकारक असते, दोन्ही बाजूंना सोल्यूशनचा पातळ हात द्यावयाचा, तो सुकू द्यावयाचा, दुसरा हात द्यावयाचा आणि बोट लावले असता बोटाला काही लागणार नाही इतका तो सुकेपर्यंत स्वस्थ बसावयाचे. नवख्याची चूक होते ती येथे. गोंद ओला असतानाच चिकटवावा ही आपली जन्माची सवय. या सोल्यूशनचा धर्म विपरीत आहे, ते सुकल्यावरच आणि स्वतःलाच धरते. पुन्हा थोडी ऊब देऊन दोन्ही पृष्ठे समोरासमोर आणली की एकदा टेकलेले रबर हलविता येत नाही.

आणि टेकवितानाच खरी अडचण पुढे येते. कारखान्यात जोडा लाकडी किंवा प्लास्टिकच्या फर्म्यावर चढविलेला असतो. घरी फर्मा नसतो, आणि आजचे जोडे तर पंजाकडे खाली वाकलेले असतात. सपाट रबर त्या वाकलेल्या पंजावर सपाटपणेच दाबले तर कडा पुढे चार दिवसांत उचलतात. म्हणून जाणते लोक जोड्यात कापडाचे घट्ट बोळे कोंबतात किंवा जोडा पायातच घालून बोटे आत दुमडून धरतात, मधल्या रेषेपासून कडेकडे दाबत येतात आणि नंतर गोल तोंडाच्या हातोडीने तळ सर्व बाजूंनी ठोकतात. रात्रभर तो तसाच राहू देऊन दुसऱ्या दिवशी पात्याला पाणी लावून जादा कड कापावयाची. ओले पाते रबरातून विनासायास सरकते, कोरडे अडखळते आणि हात कापते. शेवटी कड पॉलिश पेपरने धारदार करावयाची. अंगठ्याखालची ही कड म्हणजेच आरोहकाचे सर्वस्व. नाण्याच्या जाडीइतक्या कंगोऱ्यावर सारे शरीर तोलून धरावयाचे असते ते हिच्या बळावर.

ज्याने एकदा आपल्या जोड्याचा तळ उखडून पाहिला त्याला आपल्या चालण्याच्या खोडी कळतात. पाय नेमका न ठेवता खडकावर ओढत नेणाऱ्याचा जोडा टोकाला झिजतो. बोटांवर भार न देता पंजाच्या मध्यावर उभे राहणाऱ्याचा तळ अंगठ्याखाली कोरा आणि मध्ये पातळ होतो. दुकानात जोडा देऊन तो नवा करून आणणाऱ्याला हा दाखला कधी वाचायला मिळत नाही. घरच्या मरामतीची खरी किंमत मला येथे दिसते, वाचलेल्या पैशांत नव्हे.

आपल्या सह्याद्रीच्या संबंधात या कथेचा एक उपसंहार राहतो. येथील दुर्गांच्या कातळात खोदलेल्या खोबण्या अनवाणी पावलांसाठी होत्या, आणि पावसाने शेवाळलेल्या बसाल्टवर अनवाणी पावलाइतके भरवशाचे साधन पुढेही फार काळ नव्हते. आधुनिक गिर्यारोहण येथे रुजले तेव्हा, म्हणजे १९५४ साली मुंबईत ‘गिरिविहार’ संस्था निघाली त्या सुमारापासून पुढे, आपल्या मंडळींनी कॅनव्हासचे स्वस्त जोडे आणि पुढे हिरवे ‘हंटर शूज’ यांवर भागविले. तळ गेला की कोपऱ्यावरच्या मोच्याकडे जावयाचे, तो टायरचा तुकडा ऐरणीवर घेऊन रापीने कापी आणि टाके घालून देई. टायरच्या चपला घडविण्याची जी पिढीजात हातोटी महाराष्ट्रातील गावोगावच्या कारागिरांजवळ होती तिचाच हा विस्तार होता. डोंगरवाट तुडविण्यासाठी तो तळ वर्षानुवर्षे पुरत असे. प्रस्तरारोहणाचे चिकट तळाचे जोडे इकडे आले आणि झिजले, तेव्हा तोच उपाय त्यांना लागू पडेना. टायरचा तळ टिके, पण कड्यावर अंगठा ठरत नसे, आणि टाक्यांची भोके पातळ रबराला फाडीत. टाक्यांऐवजी सोल्यूशन आणि टायरऐवजी खास रबर, हा धडा येथे असा हातचा जोडा खर्ची घालून मिळाला आहे. २०१६ मध्ये नवी मुंबईत जागतिक करंडकाची प्रस्तरारोहण स्पर्धा भरली, इतकी या खेळाची येथे वाढ झाली. तळासाठी लागणारे रबर मात्र अद्याप बव्हंशी परदेशाहूनच येते.

आपल्या हवेचीही एक अट आहे, आणि परदेशी पुस्तकी सूचनांवर विसंबणाऱ्याने ती ध्यानी ठेवावी. सोल्यूशनमधील द्रव उडून जाताना पृष्ठभाग थंड पडतो आणि दमट हवेतील बाष्प त्यावर दवासारखे बसते. नजरेला ते दिसतही नाही, पण जोड धरत नाही. आषाढ-श्रावणात कोकणपट्टीत हे काम करूच नये. घाटावर, पुण्याकडे, मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी ते उत्तम साधते. तोवर चढाईचा हंगाम आटोपत आलेला असतो, जोडेही झिजलेले असतात, आणि नव्या तळाला पक्के बसायला पुढचा सारा पावसाळा मिळतो.